एजवूडचा हिशेब : एका लहान शाळा-जिल्ह्याचा इतिहास

'जिल्हा' म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर कलेक्टर कचेरी, जिल्हा परिषद आणि तालुक्यांचा नकाशा उभा राहतो. अमेरिकेतील 'स्कूल डिस्ट्रिक्ट' ही गोष्ट याहून अगदी निराळी आहे. शाळा-जिल्हा हा केवळ शाळा चालवण्यासाठी निर्माण केलेला स्थानिक स्वराज्याचा घटक असतो. त्याच्या सीमा शहराच्या सीमांशी जुळतीलच असे नाही. एकाच शहराच्या परिसरात असे अनेक जिल्हे शेजारी शेजारी नांदतात. मतदार विश्वस्त मंडळ निवडतात, मंडळ अधीक्षक नेमते, आणि आपल्या हद्दीतील घरे, दुकाने, कारखाने यांवर शाळांसाठी कर बसवण्याचा अधिकारही त्या मंडळाकडे असतो. लोकशाहीच्या दृष्टीने ही रचना मोठी लोभस वाटते. आपल्या मुलांची शाळा, आपला कर, आपला निर्णय. या लोभस रचनेच्या आत हिशेबाचे कोणते गणित दडलेले असते, हे समजून घ्यायचे तर टेक्सास राज्यातील सॅन अँटोनियो शहराच्या पश्चिम भागातील एजवूड या शाळा-जिल्ह्याचा इतिहास वाचावा.

साठच्या दशकाच्या अखेरीस एजवूडमध्ये २५ शाळा आणि सुमारे २२,००० विद्यार्थी होते. त्यांतील जवळजवळ ९० टक्के मेक्सिकन वंशाचे, सहा टक्क्यांहून थोडे अधिक कृष्णवर्णीय. वस्ती कष्टकऱ्यांची, हद्दीत कारखाने वा मोठी दुकाने जवळजवळ नाहीत. परिसरातील अनेकांना रोजगार देणारा मोठा मालक म्हणजे केली हवाई तळ, आणि संघराज्याच्या मालमत्तेवर स्थानिक कर बसत नाही. १६ मे १९६८ रोजी एजवूड हायस्कूलचे सुमारे ४०० विद्यार्थी वर्ग सोडून बाहेर पडले आणि अधीक्षकांच्या कचेरीवर चालत गेले. त्यांच्या मागण्या क्रांतीच्या नव्हत्या. फुटलेल्या खिडक्या दुरुस्त व्हाव्यात, पुरेसे साहित्य मिळावे, शिकवायला पात्र शिक्षक असावेत, एवढेच त्यांचे म्हणणे होते. हे वर्ष व्हिएतनाम युद्धाचे आहे, हेही विसरता येत नाही. एजवूडच्या शाळांतून शिकलेले ५४ तरुण त्या युद्धात मारले गेले.

मुलांपाठोपाठ पालक एकत्र आले. सुरुवातीला त्यांचा समज असा होता की, जिल्ह्याचे अधिकारीच पैसे खात असावेत. (असा संशय कुठल्याही देशात प्रथम येतो, आणि बहुधा तो निराधारही नसतो.) परंतु वकील आर्थर गॉचमन यांनी त्यांना समजावले की, दोष राज्याच्या वित्तव्यवस्थेतच आहे. केली तळावर पत्राकाम करणारे, माजी सैनिक असलेले डेमेट्रिओ रॉड्रिगेझ हे मुख्य वादी झाले आणि १९६८च्या उन्हाळ्यात खटला दाखल झाला.

आता हिशेब पाहू. हे आकडे १९६७-६८ या वर्षाचे असून ते पुढे सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच नोंदले गेले आहेत. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे करपात्र मालमत्तेचे मूल्य होते ५,९६० डॉलर. त्याच शहरातील अलामो हाइट्स या श्रीमंत, बहुतांशी गोऱ्या वस्तीच्या जिल्ह्यात ते ४९,००० डॉलरांहून अधिक होते. एजवूडच्या रहिवाशांनी स्वतःवर बसवलेला कर दर शंभर डॉलरांमागे १.०५ डॉलर, त्या परिसरातील सर्वांत चढा. अलामो हाइट्सचा दर ८५ सेंट. आणि उत्पन्न? राज्याच्या योजनेतील आपला वाटा भरल्यानंतर एजवूडच्या हाती दर मुलामागे उरले २६ डॉलर. अलामो हाइट्सच्या हाती ३३३. त्यात राज्याचे अनुक्रमे २२२ आणि २२५, संघराज्याचे १०८ आणि ३६ मिळवले की बेरीज होते ३५६ आणि ५९४. ज्यांनी अधिक कर दिला त्यांच्या मुलांना कमी मिळाले, एवढा या आकड्यांचा अर्थ आहे.

राज्याचे अनुदान ही दरी भरून काढण्यासाठीच होते, असे कोणी म्हणेल. टेक्सासने १९४९ साली किमान शिक्षणाची हमी देणारी योजना आणली होती, हे खरे. पण १९७०-७१मध्ये त्या योजनेतून एजवूडला दर मुलामागे ३५६ डॉलर मिळाले आणि अलामो हाइट्सला ४९१! हे कसे घडते ते पाहण्यासारखे आहे. अनुदानाचा मोठा भाग शिक्षकांच्या पगारासाठी असे, आणि पगाराची श्रेणी पदवी व अनुभव यांवर ठरे. ज्या जिल्ह्याला स्वतःच्या पैशातून वरकड पगार देता येतो तो अधिक शिकलेले शिक्षक खेचून घेतो. आणि अधिक शिकलेले शिक्षक असल्यामुळे राज्याकडूनही त्याला अधिक अनुदान मिळते. एजवूडमधील जवळजवळ निम्मे शिक्षक तात्पुरत्या परवान्यावर शिकवत होते. अलामो हाइट्समध्ये हे प्रमाण ११ टक्के होते. समुपदेशक अलामो हाइट्समध्ये ६४५ विद्यार्थ्यांमागे एक, तर एजवूडमध्ये तीन हजारांहून अधिक विद्यार्थ्यांमागे एक. सूत्र लिहिणाऱ्याच्या मनात दुजाभाव असेलच असे नाही. सूत्र आपले काम करत राहते.

डिसेंबर १९७१मध्ये तीन न्यायाधीशांच्या संघीय न्यायालयाने पालकांच्या बाजूने निकाल दिला. राज्याने अपील केले आणि २१ मार्च १९७३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी तो फिरवला. निकालाचे नावच मोठे विचित्र आहे : 'सॅन अँटोनियो इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट विरुद्ध रॉड्रिगेझ'. ज्या सॅन अँटोनियो जिल्ह्याचे नाव प्रतिवादी पक्षावर कोरले गेले आहे तो मूळ प्रतिवादी असलेल्या सात शाळा-जिल्ह्यांपैकी एक होता. पुढे या जिल्ह्यांना खटल्यातून वगळण्यात आले आणि त्यानंतर सॅन अँटोनियोने वादींच्याच बाजूने आपले म्हणणे मांडले. इतिहासात मात्र तो रॉड्रिगेझचा विरोधक म्हणून राहिला.

साहित्याच्या अभ्यासकांनी हे निकालपत्र एक संहिता म्हणून अवश्य वाचावे. बहुमताचा निकाल लुईस पॉवेल यांनी लिहिला. ते १९५२ ते १९६१ या काळात व्हर्जिनियातील रिचमंड शहराच्या शाळा मंडळाचे अध्यक्ष होते. त्यामुळे 'स्थानिक नियंत्रण' हा शब्दप्रयोग त्यांच्या लेखनात पुस्तकी वाटत नाही. त्यात जिव्हाळा आहे. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : शिक्षण कितीही महत्त्वाचे असले तरी राज्यघटनेने स्पष्टपणे वा गर्भितपणे दिलेल्या मूलभूत हक्कांत ते येत नाही, गरीब जिल्ह्यातील रहिवासी हा घटनेने विशेष संरक्षण द्यावे असा सुस्पष्ट वर्ग ठरत नाही, पैसा आणि शिक्षणाचा दर्जा यांचे नाते तज्ज्ञांतच वादग्रस्त आहे, आणि पालकांना आपल्या शाळेचा निर्णय घेता यावा हा हेतू राज्यव्यवस्थेला पुरेसा न्याय्य आधार देतो. आकड्यांतील विषमता त्यांनी नाकारलेली नाही. तिच्यावर तोडगा काढणे हे विधिमंडळाचे काम, न्यायालयाचे नव्हे, एवढेच ते म्हणतात. हा निकाल निर्दय माणसाने लिहिलेला नाही, आणि म्हणूनच तो अधिक अस्वस्थ करतो.

थर्गुड मार्शल यांचे भिन्न मत याच शब्दाच्या मुळाशी जाते. स्थानिक नियंत्रण म्हणजे नेमके काय? पाठ्यपुस्तकांपासून अभ्यासक्रमापर्यंत कितीतरी गोष्टी राज्यच ठरवते. उरतो तो कराचा निर्णय. आणि परिसरातील सर्वांत श्रीमंत जिल्ह्याइतके उत्पन्न काढायचे तर एजवूडला दर शंभर डॉलरांमागे ५.७६ डॉलर कर लावावा लागला असता, तर राज्याच्या कायद्याने घातलेली कमाल मर्यादा होती १.५० डॉलर. म्हणजे ज्या स्वातंत्र्याच्या नावाने ही व्यवस्था टिकवायची ते स्वातंत्र्य एजवूडच्या मतदाराला कायद्यानेच मिळू शकत नव्हते. पैशाने शिक्षणाचा दर्जा ठरत नाही या मुद्द्यावर मार्शल यांनी विचारलेला प्रश्न तर बिनतोड आहे : तसे असेल तर बेव्हर्ली हिल्ससारखे अतिश्रीमंत जिल्हे ही व्यवस्था टिकावी म्हणून न्यायालयापर्यंत का धावून आले?

येथे मराठी वाचकाला महात्मा फुले आठवणे स्वाभाविक आहे. मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्याच्या रुपयामागे एक आणा लोकल फंड बसवला गेला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शिक्षणासाठी राखला गेला. हंटर आयोगापुढे १८८२ साली दिलेल्या निवेदनात फुल्यांनी विचारलेला प्रश्न पैसा कोण भरतो आणि शिकतो कोण, हाच होता. दोन्ही परिस्थिती सारख्या नाहीत. फुल्यांच्या काळी रयतेचा पैसा वर जाऊन वरिष्ठ वर्गाच्या शिक्षणावर खर्च होत होता. एजवूडचा पैसा एजवूडमध्येच राहत होता आणि तरीही पुरत नव्हता. पहिल्या अन्यायाला हिसकावणे म्हणता येते. दुसऱ्यात कोणी काही हिसकावलेले दिसत नाही, केवळ सीमारेषा आखलेली दिसते. त्यामुळे दुसऱ्याविरुद्ध दाद मागणे अधिक अवघड जाते.

सर्वोच्च न्यायालयात हरलेल्या एजवूडने १९८४मध्ये राज्याच्या न्यायालयाचे दार ठोठावले. या वेळी आधार होता टेक्सासच्या स्वतःच्या, १८७६च्या संविधानाचा. त्यात 'कार्यक्षम' सार्वजनिक शाळाव्यवस्था उभारण्याचे कर्तव्य विधिमंडळावर टाकलेले आहे. 'कार्यक्षम' या एका विशेषणावर सारा खटला उभा राहिला! तोवर दरी आणखी रुंदावली होती. एजवूडमध्ये दर विद्यार्थ्यामागे मालमत्ता ३८,८५४ डॉलर, अलामो हाइट्समध्ये ५,७०,१०९. आणि राज्यातील सर्वांत श्रीमंत व सर्वांत गरीब जिल्ह्यांचे गुणोत्तर ७०० ला १. ऑक्टोबर १९८९मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने नऊ विरुद्ध शून्य मतांनी ही व्यवस्था घटनाबाह्य ठरवली. त्यानंतर विधिमंडळाने केलेल्या सुधारणा न्यायालयाने १९९१ आणि १९९२ साली फेटाळल्या. अखेर १९९३च्या कायद्याने श्रीमंत जिल्ह्यांच्या उत्पन्नाचा काही भाग काढून घेण्याची तरतूद झाली आणि १९९५ साली ती न्यायालयात टिकली. वृत्तपत्रांनी तिला 'रॉबिन हूड' योजना म्हटले. ही उपमा मला पटत नाही. रॉबिन हूड लुटारू होता. इथे तर कायदा होता.

पैशाने खरोखर काही बदलते का, या पॉवेल यांच्या शंकेचे काय झाले? १९६६च्या कोलमन अहवालाने शाळेपेक्षा घरच्या परिस्थितीला अधिक वजन दिले होते आणि त्याची छाया त्या काळातील साऱ्या चर्चेवर होती. किराबो जॅक्सन, रकर जॉन्सन आणि क्लॉडिया पर्सिको या संशोधकांचा २०१६ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वेगळे सांगतो. न्यायालयीन आदेशांमुळे देशभर जिथे शाळांचा खर्च वाढला तिथल्या मुलांचा त्यांनी प्रौढपणापर्यंत माग घेतला. शालेय जीवनाच्या बाराही वर्षांत खर्च दहा टक्क्यांनी वाढला तर सरासरीने शिक्षणाची ०.३१ वर्षे वाढली, पुढील मजुरी सुमारे सात टक्क्यांनी वाढली आणि प्रौढ वयातील दारिद्र्य घटले. गरीब घरांतील मुलांच्या बाबतीत परिणाम याहून ठळक होता. पुरावा आला, पण १९६८च्या मुलांनी तोवर पन्नाशी ओलांडली होती.

कारभाराची बाजूही पाहिली पाहिजे, कारण पैशाने सारे सुटते असे म्हणणे एजवूडच्या इतिहासाशी प्रामाणिक ठरणार नाही. विद्यार्थिसंख्या घटत घटत दहा हजारांच्या आत आली आहे. पटावर आधारित अनुदानाच्या व्यवस्थेत प्रत्येक मूल जाताना आपल्यासोबत पैसेही घेऊन जाते, इमारती मात्र तिथेच राहतात. निवडून आलेल्या विश्वस्तांत दुफळी माजली, अधीक्षकाच्या नेमणुकीवर एकमत होईना. आणि २०१६ साली राज्याच्या शिक्षण यंत्रणेने त्या मंडळाचे अधिकार काढून घेऊन आपण नेमलेले मंडळ तिथे बसवले. स्थानिक नियंत्रणाच्या रक्षणासाठी १९७३ साली न्यायालयात उभे राहिलेले राज्य ते हेच. त्याच २०१६ सालच्या मे महिन्यात टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने राज्याची तेव्हाची वित्तव्यवस्था सदोष असली तरी संविधानाच्या किमान अपेक्षा पूर्ण करते, असा निर्वाळा दिला. वादी पक्षांत या वेळीही एजवूड होतेच. डेमेट्रिओ रॉड्रिगेझ यांचे निधन त्याआधी, २०१३ साली झाले होते.