तुर्भे : बाजाराच्या आधीचे गाव

वाशीच्या एपीएमसी मार्केटमध्ये पहाटे ट्रकांची रांग लागते, तेव्हा ही जागा पूर्वी काय होती हे सहसा कोणी विचारत नाही. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांची रोजीरोटी या बाजारावर चालते. फळांच्या व्यापारातले बागवान आहेत, टेम्पोचालक आहेत, हमाल आहेत, चहाच्या टपऱ्या चालवणारे आहेत. ज्या जमिनीवर आपण कमावतो तिचा इतिहास माहीत असणे हेही त्या जमिनीचे देणे आहे, असे मला वाटते.

हा बाजार तुर्भे गावाच्या कुशीत वसला आहे. पश्चिमेला ठाण्याची खाडी, पूर्वेला पारसिकचे डोंगर आणि मध्ये सखल जमिनीची पट्टी, असा हा भूगोल. खाडीपलीकडच्या ट्रॉम्बेलाही मराठीत तुर्भेच म्हणतात, म्हणजे एकाच पाण्याच्या दोन्ही तीरांवर एकाच नावाची गावे. अलीकडच्या तीरावर आगरी आणि कोळी समाजाची वस्ती होती. भरतीचे पाणी अडवायला बांध घालायचे, खारजमिनीत भात पिकवायचे, मिठागरात मीठ काढायचे आणि खाडीत मासेमारी करायची, असे इथले जगणे होते. ‘आगरी’ हे नावच मिठाच्या आगराशी जोडले जाते. जवळच्या बेलापूरच्या किल्ल्यासाठी सिद्दी, पोर्तुगीज, मराठे आणि इंग्रज झगडले. सत्ता बदलत राहिल्या, पण बांध दुरुस्त करणारे हात तेच राहिले.

हे जगणे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बदलले. आधी ठाणे-बेलापूर पट्ट्यात औद्योगिक वसाहत आली. मग १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे व रायगड जिल्ह्यांतील ९५ गावांची जमीन नव्या शहरासाठी ठरली. १९७३ मध्ये खाडीवर पूल झाला. मुंबईवरचा भार कमी करायचा तर घाऊक बाजार बाहेर हलवायला हवेत, हाही या आखणीचा भाग होता. १९७७ मध्ये मुंबई कृषी उत्पन्न बाजार समिती स्थापन झाली. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कांदा-बटाटा बाजार इथे आला, पुढे मसाला आणि धान्य आले, आणि १९९६ मध्ये फळे व भाजीपाला.

व्यापाऱ्यांना गाळे मिळाले. गावकऱ्यांना काय मिळाले? मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण परिसरात मोठे आंदोलन झाले. पोलिसांच्या गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्या लढ्यातूनच पुढे संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. पण तिचा आधार होता सातबारा. ज्याचे नाव सातबाऱ्यावर नव्हते, त्या मिठागरातल्या मजुराला आणि खाडीवर जगणाऱ्या मच्छीमाराला तो कागद कुठून दाखवता येणार?

लोकसंख्येचेही तसेच झाले. १ जानेवारी १९९२ पासून नवी मुंबई महानगरपालिकेचा कारभार सुरू झाला. गाव शहरात गेले की जनगणनेत त्याची वेगळी ओळख राहत नाही, उरतो तो प्रभाग. नवी मुंबईची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे ७ लाख होती, २०११ मध्ये ती ११ लाख २० हजारांच्या पुढे गेली. त्या आकड्यात जुने तुर्भेकर किती, साताऱ्याहून आलेले माथाडी किती, उत्तर प्रदेश-बिहारहून आलेले किती, हे कळत नाही. गावठाणात कुटुंबे वाढली, गरजेपोटी घरे वाढली, आणि ती घरे नियमित करून घेण्यासाठी मूळ रहिवाशांनाच झगडावे लागले. त्यांच्याच खोल्यांत आज बाहेरून आलेला कामगार भाड्याने राहतो. अनेकदा त्याच्याकडेही भाडेकराराचा कागद नसतो.

मदिनेच्या अन्सारांनी मक्केहून आलेल्या मुहाजिरांना आपल्या घरात आणि बागांत वाटा दिला, तो राजीखुशीने. तुर्भ्याच्या अन्सारांना मात्र कोणी विचारलेच नाही. त्यांच्या वाट्याची जमीन सरकारने वाटली आणि आपण पाहुणे म्हणून आलो. म्हणून ‘बाहेरचे लोक’ हा शब्द कानावर आला की लगेच रागावण्याआधी त्यामागचे दुखणे समजून घ्यायला हवे. दुसऱ्या बाजूने, चाळीस वर्षे गोणी वाहून ज्याची पाठ वाकली त्यालाही या गावाच्या इतिहासात जागा हवी. कालचा मिठागरातला मजूर आणि आजचा हमाल, दोघांच्याही मेहनतीवर हे गाव उभे राहिले आणि कागदावर दोघांचेही नाव नाही.

आमच्यासारख्या शिक्षकांना यात एक काम करता येईल. बाजाराच्या आसपासच्या मराठी आणि उर्दू शाळांतील मुलांना गावातल्या वयस्कर आगरी-कोळी बायाबापड्यांकडे आणि बाजारातल्या जुन्या हमालांकडे पाठवावे. बांध कुठे होता, मिठागर कुठे होते, पहिली गाडी कधी आली, हे त्यांनी विचारून वहीत लिहावे. ज्यांचे नाव सातबाऱ्यावर आले नाही, त्यांचे निदान मुलांच्या वहीत तरी यावे.