छऱ्याची बंदूक की पॉइंट टू-टू रायफल? घेण्याआधी हे वाचा

सुगीनंतर हातात पैसा आला की गावात बंदुकीचा विषय निघतो. मोबाईलवर परदेशातले व्हिडिओ बघून बऱ्याच जणांना हलकी रायफल हवी असते. पण तिकडचं सशाच्या शिकारीचं हत्यार इथे तसं चालत नाही.

पॉइंट टू-टू म्हणजे काय?
या रायफलला परवाना लागतो. काडतुसाच्या बुडाच्या कडेवर पिन आपटून बार उडतो, म्हणून तिला रिमफायर म्हणतात. धक्का कमी, आवाज मध्यम. पण खेळणं समजू नका, गोळी दीड किलोमीटरच्याही पुढे जाऊ शकते. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे नेमबाजीच्या सरावासाठी हिचा परवाना मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्याला मिळतो. पीक राखणीसाठी कायद्यात ठासणीच्या बंदुकीची तरतूद आहे. अर्ज ग्रामीण भागात जिल्हाधिकाऱ्यांकडे करायचा. विनापरवाना सापडल्यास २ ते ५ वर्षं कैद.

छऱ्याची बंदूक
नळी ४.५ मिमी (.१७७) पर्यंत आणि ताकद २० ज्यूलपर्यंत असेल तर परवाना लागत नाही. यातली एकही मर्यादा ओलांडली की परवाना हवाच. ओळखपत्र देऊन पक्कं बिल घ्या, बिलावर मॉडेल आणि नंबर असू द्या.

निवडताना काय बघाल?
- वजन अडीच-तीन किलो पुरे. फार हलकी बंदूक नेम धरताना हलते.
- दस्ता खांद्याला लावून बघा. मान न ताणता डोळा माशीवर यायला हवा.
- नळी मोडून भरायची असेल तर दुकानातच दोन-तीनदा मोडून बघा. जोर झेपत नसेल तर घेऊ नका.
- दुर्बीण नंतर घ्या, आधी साध्या माशीवर हात बसवा.
- छर्रा न भरता घोडा ओढू नका, स्प्रिंग खराब होते.
- निशाणामागे मातीचा बांध हवा. दगड आणि पत्र्यावरून छर्रा उलटा येतो, डोळा जाऊ शकतो.

शिकार नाहीच
ससा, तितर, मोर, रानडुक्कर हे सगळे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली येतात. छऱ्याच्या बंदुकीने मारलं तरी ती शिकारच, आणि नुसता प्रयत्न केला तरी गुन्हा. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. मोरासारख्या अनुसूची एकमधल्या प्राण्यासाठी ३ ते ७ वर्षं. बंदुकीचा परवाना म्हणजे शिकारीची परवानगी नव्हे. डुकरांनी पीक नासवलं तर लगेच वनरक्षकाला कळवा, पंचनामा करून घ्या आणि भरपाईचा अर्ज द्या.

नेमबाजीची आवड असेल तर रस्ता क्लबचा आहे. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने २०२४ मध्ये पॅरिस ऑलिंपिकला ५० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवलं, ते याच पॉइंट टू-टूवर. पोराला खरंच आवड असेल तर आधी क्लबात नाव घाला, बंदूक नंतर घ्या.