एका फ्रेमचे ४२ मिलिसेकंद : जुना संगणक आणि एचडी व्हिडिओ

१/ सन २००५ च्या सुमारास अनेक घरांतील संगणकांवर एक नवीच अडचण उद्भवली. डीव्हीडी सुरळीत चालवणाऱ्या यंत्रावर एचडी चित्रपट लावला की आवाज पुढे निघून जाई आणि चित्र मागे अडखळत राही. फाईल शाबूत होती, यंत्रही शाबूत होते. अपुरा पडत होता तो वेळ.

२/ हिशेब असा. चित्रपटात सेकंदाला २४ फ्रेम असतात; म्हणजे प्रत्येक फ्रेम उलगडण्यास सुमारे ४२ मिलिसेकंद मिळतात. पाल पद्धतीच्या डीव्हीडीची फ्रेम ७२०×५७६, म्हणजे ४,१४,७२० पिक्सेलची. पूर्ण एचडी फ्रेम १९२०×१०८०, म्हणजे २०,७३,६०० पिक्सेलची. काम पाचपट झाले, मुदत मात्र तेवढीच राहिली.

३/ त्यातच मे २००३ मध्ये एच.२६४ हे मानक मंजूर झाले होते. डीव्हीडीवरील एमपेग-२ च्या तुलनेत साधारण निम्म्या बिटरेटमध्ये तोच दर्जा, ही त्याची ख्याती. डिस्क आणि इंटरनेट यांवरचा भार हलका झाला. त्याची किंमत प्रोसेसरला मोजावी लागली.

४/ या मानकात चित्राचा तुकडा आधीच्या फ्रेमवरून पाव पिक्सेलच्या अचूकतेने घडवावा लागतो. ‘कॅबॅक’ या सांकेतिक पद्धतीत पुढच्या बिटचा अर्थ मागच्या बिटांवर अवलंबून असतो, म्हणून ते काम वाटून देणे कठीण. शेवटी तुकड्यांच्या कडा मऊ करणारा डीब्लॉकिंग फिल्टर चालवायचा, तो वेगळाच.

५/ बाजाराचे उत्तर सरळ होते : नवा संगणक घ्या. ॲपलने २००५ मध्ये क्विकटाइम ७ द्वारे एच.२६४ आणले, तेव्हा १०८०पी व्हिडिओसाठी दोन प्रोसेसरांचा पॉवर मॅक जी५ सुचवला होता. असे यंत्र किती घरांत असणार?

६/ दुसरे उत्तर प्रोग्रामरांनी शोधले. फ्रान्सच्या फाब्रिस बेलार यांनी २००० मध्ये सुरू केलेल्या एफएफएमपेग प्रकल्पातील डिकोडर एमप्लेयर आणि व्हीएलसी वापरत. त्यातील सर्वाधिक वेळखाऊ भाग हाताने असेंब्ली भाषेत लिहिले गेले. १९९७ च्या एमएमएक्स सूचना एका वेळी ८ बाइट हाताळत, पेंटियम ४ च्या एसएसई२ सूचना १६. ही ताकद जुन्या प्रोसेसरमध्ये आधीपासूनच होती. ती वापरणारा कोड हवा होता.

७/ तरीही वेळ पुरला नाही तर? एमप्लेयर स्पष्ट सांगे की यंत्रणा फार मंद आहे, पण त्याच संदेशात संभाव्य कारणे आणि उपायही देई. एक उपाय म्हणजे डीब्लॉकिंग फिल्टर वगळणे. गती मिळे, पण पुढची फ्रेम मागचीवर बेतलेली असल्याने दोष पुढच्या कीफ्रेमपर्यंत साचत जात. किती बिघाड चालवून घ्यायचा, हे प्रेक्षकाने ठरवायचे.

८/ तिसरा मार्ग स्वतंत्र चिपचा. नोव्हेंबर २००८ मध्ये एनव्हिडियाने व्हीडीपीएयू आणले आणि लिनक्सवर हे काम ग्राफिक्स कार्डाकडे सोपवता येऊ लागले. पहिल्या पिढीच्या ॲपल टीव्हीतील वाय-फाय कार्ड काढून हौशी मंडळींनी त्या जागी ब्रॉडकॉमचे क्रिस्टल एचडी कार्ड बसवले आणि १०८०पी व्हिडिओ चालवला.

९/ मात्र चिपमधील सर्किटला घडणीच्या वेळी ठाऊक असलेलेच स्वरूप उलगडता येते. यूट्यूबने व्हीपी९ स्वीकारताच जुनी सर्किटे निरुपयोगी ठरली. म्हणून यूट्यूबकडून एच.२६४ च मागून घेणारे ब्राउझर एक्स्टेन्शन निघाले. २०१८ मध्ये एव्ही१ आले आणि भार पुन्हा प्रोसेसरवर पडला. त्याच वर्षी व्हिडिओलॅनने ‘डेव्हिड’ हा डिकोडर जाहीर केला. २०१९ मध्ये त्यात एसएसएसई३ साठी हाताने लिहिलेला कोड आला. त्या सूचना २००६ च्या कोअर २ प्रोसेसरमधल्या!

१०/ म्हणून संगणकाचे वय केवळ त्याच्या निर्मितीच्या सालावरून ठरत नाही. त्याच्यासाठी कोड लिहिणारा कोणी उरला आहे का, यावरही ते ठरते. नव्या मानकाने कालबाह्य ठरवलेल्या अनेक यंत्रांना काही वर्षांचे आयुष्य मिळाले, ते अशा लोकांच्या चिकाटीमुळे.