मदतनिसाचा पगार आणि वर जाणारी शिडी

शाळेच्या इतिहासात मदतनीस नसते. शिक्षक असतो, संस्थाचालक असतो, शिक्षणमहर्षी तर असतोच असतो. पण रडणाऱ्या पोराचे नाक पुसणारी, मागे पडलेल्याला जवळ घेऊन अक्षर गिरवायला लावणारी, बाईंचा वर्ग सावरून धरणारी दुसरी बाई कोणत्याही ग्रंथात भेटत नाही. तिच्या पगाराच्या लढ्याचा विचार करताना मी न्यूयॉर्कपासून सुरुवात करतो. १९७२ साली आपल्या तरुणांनी ज्या काळ्या अमेरिकेकडे पाहून पँथर हे नाव घेतले, तिच्याच लढ्याची ही एक बाजू आहे. बंदूक हाती घेतलेल्या काळ्या तरुणाचे चित्र आपल्याकडे पोहोचले. वर्गातली काळी आई पोहोचली नाही.

१९६४ साली अध्यक्ष जॉन्सन यांनी दारिद्र्याविरुद्ध युद्ध पुकारले. पुढच्या वर्षीच्या शिक्षण कायद्याने गरीब वस्त्यांतील शाळांना केंद्राचा पैसा मिळू लागला. त्याच १९६५ साली आर्थर पर्ल व फ्रँक रिसमन यांनी एका पुस्तकात विचार मांडला की, गरिबांना नुसती मदत वाटू नका. शाळा-दवाखान्यांत त्यांना काम द्या आणि त्या कामातून वर चढण्याची वाट ठेवा. पहिली गोष्ट सत्ताधाऱ्यांना चटकन पटली, कारण ती स्वस्त होती. हार्लेम, ब्रुकलिन, ब्राँक्स येथील हजारो स्त्रिया शाळांत मदतनीस झाल्या. त्यांतल्या बहुसंख्य काळ्या किंवा पोर्तोरिकन, आणि पुष्कळ जणी त्याच शाळेतल्या मुलांच्या आया. शिक्षक बहुतांशी गोरे, वस्तीबाहेरून येणारे. मुलाच्या घरात काय चालले आहे हे मदतनिसाला ठाऊक. स्पॅनिश बोलणाऱ्या पोराला त्याच्या भाषेत समजावणारीही तीच. पगार मात्र तासांवर, वर्षाकाठी जेमतेम दोन हजार डॉलर. सुट्टीचे पैसे नाहीत, उद्याची शाश्वती नाही. दारिद्र्य हटविण्यासाठी नेमलेली बाई स्वतः दारिद्र्यातच राहिली.

काम हलके म्हणून दाम हलका, असे अर्थशास्त्री सांगतात. मला हे उलटे वाटते. करणारी कोण हे आधी पाहिले जाते, मग काम हलके ठरते. गावकीची कामे करणाऱ्यांच्या वंशजांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

१९६८ च्या शरद ऋतूत ओशन हिल-ब्राउन्सव्हिल भागात भडका उडाला. वस्तीच्या शाळांवर वस्तीचा ताबा हवा, असे म्हणणाऱ्या काळ्या लोकांच्या मंडळाने काही गोऱ्या शिक्षकांना आपल्या शाळांतून दूर केले. शिक्षक संघटनेने शहरभर लागोपाठ तीन संप केले आणि शाळांचे ३६ दिवस बुडाले. अनेक मदतनीस संपाची फळी ओलांडून वर्गात गेल्या. आपली पोरे वाऱ्यावर सोडायची कशी? शिक्षक आणि मदतनीस यांच्यातली ही जखम खोल होती. अशा वेळी त्याच शिक्षक संघटनेने मदतनिसांना आपल्यात या म्हणावे, हे अनेकांना ढोंग वाटले, आणि तसे वाटण्यात गैर काही नव्हते.

हे काम अंगावर घेतले वेल्मा मर्फी हिल या काळ्या कार्यकर्तीने. १९६० च्या ऑगस्टमध्ये शिकागोच्या रेनबो बीचवर, म्हणजे मिशिगन सरोवराच्या काठी, गोऱ्यांनी आपलेच मानलेल्या पाण्यात काळ्या-गोऱ्या तरुणांना घेऊन ती उतरली होती. जमावाने दगड मारले. तिचे डोके फुटले. महाडचे चवदार तळे ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही बाई परकी वाटणार नाही. १९६३ च्या वॉशिंग्टन मोर्चाचे संयोजक बेयार्ड रस्टिन तिच्या पाठीशी होते. १९६९ साली मदतनिसांनी कोणत्या संघटनेत जायचे यावर मतदान झाले आणि शिक्षक संघटना थोड्या मतांनी जिंकली. शिक्षण मंडळ करार करीना, तेव्हा मदतनीस संपाला तयार झाल्या. आता प्रश्न शिक्षकांचा होता. दोन वर्षांपूर्वी आपली फळी ओलांडणाऱ्या बायांची फळी आपण पाळायची का? शिक्षकांनी मोठ्या बहुमताने पाळायची ठरवले.

१९७० च्या करारात तीन वर्षांत सुमारे १४० टक्के वाढ मिळाली. पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे शिडी: शहराच्या विद्यापीठात शिकण्याची सोय आणि अभ्यासासाठी पगारी सवड. हजारो स्त्रिया शिकल्या आणि पुष्कळ जणी त्याच शाळांत शिक्षिका झाल्या. ज्या शहरात काळे शिक्षक शोधावे लागत, तिथे ते शाळेच्या आतूनच घडले. मग १९७५ साली शहराची तिजोरी रिकामी झाली आणि सर्वांत आधी कुऱ्हाड कोसळली त्यांत मदतनीस होत्या. १९७६ पासून विद्यापीठातले मोफत शिक्षणही संपले.

त्याच १९७५ साली, २ ऑक्टोबरला, आपल्याकडे एकात्मिक बाल विकास सेवा योजना सुरू झाली. अंगणवाडीतल्या दुसऱ्या बाईला अधिकृत नावच मिळाले मदतनीस. सुरुवातीला तिला महिना ३५ रुपये, सेविकेला शिक्षण पाहून १०० किंवा १५०. याला पगार म्हणायचे नाही, मानधन म्हणायचे. या एका शब्दाने केवढे काम केले! मान द्यायचा म्हणजे दाम द्यावा लागत नाही, आणि दाम नाही म्हणजे नोकरी नाही, निवृत्तिवेतन नाही. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकच्या प्रकरणात सांगितले की अंगणवाडीचे पद हे सरकारी सेवेतले पद नव्हे. २०१८ च्या वाढीनंतर केंद्राच्या दराने मदतनिसाला २,२५० रुपये झाले. राज्य आपली भर घालते ती वेगळी. मदतनिसाला सेविका होण्याची वाट नियमांत आहे, पण ती चढून गेल्यावर वरच्या पायरीवरही मानधनच. आणि शिकायला पगारी सवड? ती मागितलेली मागण्यांच्या यादीत मला क्वचितच दिसते.

एप्रिल २०२२ मध्ये गुजरातच्या सेविका-मदतनिसांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना १९७२ च्या कायद्याप्रमाणे उपदान मिळण्याचा हक्क मान्य केला. डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या अंगणवाड्यांना कुलुपे लागली आणि संप पुढच्या जानेवारीत पन्नासहून अधिक दिवस चालला. जिल्हा परिषदेच्या शाळा त्या काळात रोजच्यासारख्या भरत होत्या.