फाळ, लाट आणि बीड : नीरा कालव्याकाठच्या ओतकामाची गोष्ट

(थ्रेड) इंदापूर तालुक्याचे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला बहुधा जमीन महसुलामुळे ठाऊक असते. गोल्डस्मिड आणि विंगेट यांची गाजलेली पाहणी १८३० च्या दशकात इथूनच सुरू झाली. मात्र या तालुक्याला आणि शेजारच्या बारामतीला वितळलेल्या लोखंडाचाही एक इतिहास आहे. दप्तरांत तो फारसा भेटत नाही. ओतशाळेत बिघडलेली वस्तू जपून ठेवण्याची रीत नाही, ती पुन्हा भट्टीत जाते.

आरंभ पाण्यापासून करावा लागतो. १८७६-७८ च्या भीषण दुष्काळानंतर नीरा डावा कालवा उभा राहिला आणि १८८५ च्या सुमारास त्याचे पाणी बारामती-इंदापूरच्या कोरड्या शिवारांत खेळू लागले. ज्वारी-बाजरीच्या मुलखात ऊस आला, उसामागे चरक आला. तोडलेला ऊस वाट पाहत नाही. एक-दोन दिवसांतच त्यातली साखर उतरू लागते, आणि काढून ठेवलेला रस तर त्याहून लवकर आंबतो.

लाकडी चरक मोडला तर गावचा सुतार तो सांधून देई. लोखंडी चरक रस अधिक काढी, परंतु त्याच्या लाटा आणि दातेरी चाके बिडाची असत. बीड म्हणजे ओतीव लोखंड. त्यात कार्बन दोन टक्क्यांहून अधिक, सहसा तीन-साडेतीन टक्के असतो. त्यामुळे ते कमी उष्णतेवर वितळते आणि साच्यात सुरेख वाहते, पण घणाखाली वाकत नाही, तडकते. ऐरणीवर सारी हयात घालवलेला लोहारही बिडाच्या तुटक्या दात्यापुढे हतबल होता. ऐन गुऱ्हाळाच्या दिवसांत एक चाक फुटले तर शेतकऱ्याचे वर्ष पणाला लागे. ओतशाळा किती कोसांवर आहे, हा प्रश्न इथे पोटाचा होता.

नवा भाग घडायचा कसा? तुटलेले तुकडे जुळवून आधी लाकडाचा नमुना कोरायचा, आणि तो मूळ वस्तूहून किंचित मोठा ठेवायचा. कारण बीड थंड होताना सुमारे एक टक्का आकसते. हातभर लांबीत पाच मिलिमीटरच्या आसपास फरक पडतो. मग चिकणमातीमिश्रित ओलसर वाळू नमुन्याभोवती ठासायची, नमुना अलगद काढायचा आणि पोकळीत रस ओतायचा. ओल जास्त झाली की वाफ कोंडून वस्तूला छिद्रे पडतात. कमी झाली की साचा ढासळतो. मुठीत वाळू दाबून तिचा गोळा मोडून पाहणे, ही ओतकामगाराची जुनी परीक्षा. पुस्तकात ती एका ओळीत उरकते. हाताला कळायला मात्र कित्येक साचे वाया जावे लागतात.

त्यातही खुबी अशी की एकच बीड दोन स्वभाव धारण करते. चरकाच्या लाटेचा पृष्ठभाग भरड कणांचा हवा, म्हणजे ऊस घसरत नाही; त्यासाठी धातू सावकाश निवू द्यावा लागतो. नांगराच्या फाळाला उलट काचेसारखी कठीण धार हवी. इंग्लंडमधील इप्सविचच्या रॉबर्ट रॅन्समने १८०३ मध्ये यावर पेटंट घेतले. फाळाची खालची बाजू झटकन थंड केली की तेवढाच भाग पांढरा, कठीण होतो. वरची बाजू आधी झिजते आणि धार आपोआप टिकते.

ही विद्या मराठी मुलखात कशी रुजली, हे पाहायला नीराकाठ सोडून बेळगावला जावे लागते. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशाळेत यांत्रिक रेखाटन शिकवत. डावलले गेल्यावर त्यांनी ती नोकरी सोडली आणि बेळगावात आधी कडबा कापण्याचे यंत्र, मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, असे शेतकरी म्हणत आणि नांगर पडून राहत. पुढे औंध संस्थानाने जागा दिली आणि १९१० मध्ये कुंडल रोड स्थानकाजवळ किर्लोस्करवाडी वसली. लक्ष्मणरावांची ओळख आज उद्योगपती अशी सांगितली जाते, पण त्यांच्यातला रेखाटनाचा मास्तर नजरेआड केला तर हा नांगर समजतच नाही. कागदावरची रेघ साच्यात उतरते की नाही, हे ते स्वतःच्या पैशांनी तपासत होते.

आता पुन्हा नीराकाठी. १९३२ मध्ये साखर उद्योगाला जकातीचे संरक्षण मिळाले आणि देशभर कारखान्यांचे पीक आले. वालचंद हिराचंद यांचा इंदापूर तालुक्यातील कळंबजवळचा कारखाना त्याच लाटेतला. गावाला पुढे वालचंदनगर हे नाव पडले. सातारा रोड स्थानकाजवळ धनजीशा कूपर यांचा नांगर आणि इंजिने बनवणारा कारखाना होता. (१९३७ मध्ये काही महिने मुंबई प्रांताचे पंतप्रधान झालेले कूपर ते हेच.) १९४० च्या सुमारास तोही वालचंद समूहाकडे आला. साखर करणाऱ्या वालचंदनगरात पुढे साखर कारखान्यांची यंत्रे होऊ लागली, त्यानंतर इस्रोच्या प्रक्षेपकांची मोटर-आवरणेही. ही आवरणे ओतीव नसतात, पोलादी पत्रा वळवून सांधलेली असतात; ओतशाळा समूहाने सातारा रोडलाच चालवली.

सांगलीत १९४७ मध्ये निघालेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाला १९५५ मध्ये वालचंदांचे नाव मिळाले. आज बारामतीतही अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औद्योगिक वसाहत आहे. अॅल्युमिनियम ६६० अंशांवर वितळते, त्यामुळे एका खोलीएवढ्या जागेत छोटी भट्टी, वाळूची पेटी आणि त्रिमितीय छपाईने काढलेला नमुना एवढ्यावर विद्यार्थ्याला पहिला नग ओतता येतो. संगणकाच्या पडद्यावर धातू नेहमी नीट भरतो. वाळूत तो कोपऱ्यात अडतो, कुठे जाड भागात आत खळगा सोडतो. मग तो नग करवतीने मधोमध कापतात, खळगा कुठे पडला ते वहीत रेखाटतात, धातूचा जादा साठा देणारी वाट तिथे वाढवतात आणि दोन्ही तुकडे पुढच्या ओतासाठी मुशीत टाकतात.