सिकंदर : ग्रीसहून पन्हाळ्यापर्यंत आलेले नाव

१/ मार्च १६७३. कोंडाजी फर्जंद यांनी अवघ्या ६० मावळ्यांनिशी रात्री कडा चढून पन्हाळा घेतला. कोल्हापुरात ही कथा कोणास ठाऊक नाही? मात्र हा गड ज्याच्या राज्यातून गेला, तो विजापूरचा बादशहा तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याचे नाव सिकंदर आदिलशाह. आजचा धागा या नावाविषयी.

२/ मूळ ग्रीक रूप ‘अलेक्सांद्रोस’. ‘अलेक्सेइन’ म्हणजे राखणे, बचाव करणे. ‘आन्द्रोस’ म्हणजे पुरुषाचा. अर्थ झाला ‘माणसांचा रक्षणकर्ता’. यात जिंकण्याचा भाव मुळीच नाही. नाव मॅसिडोनियाच्या जगप्रसिद्ध राजाहूनही जुने आहे : होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयचा राजपुत्र पॅरिस याचे हे दुसरे नाव.

३/ भारतात ते प्रथम थेट ग्रीकांकडून आले. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात समकालीन यवन राजांमध्ये ‘अलिकसुदर’ आढळतो. हा जगज्जेता अलेक्झांडर नव्हे, तो इ.स.पू. ३२३ मध्येच निवर्तला होता. हा त्याच नावाचा नंतरचा राजा.

४/ दुसरी वाट अरबी-फारसीची. आरंभीचे ‘अल’ हे अरबीतील उपपद मानले गेले, ‘क्स’चा ‘स्क’ झाला आणि ‘इस्कंदर’ घडले. फारसीत त्याचेच ‘सिकंदर’. फिर्दौसीच्या ‘शाहनामा’सारख्या काव्यांतून हे नाव दिग्विजयाशी जोडले गेले. अलाउद्दीन खलजीने तर नाण्यांवर स्वतःस ‘दुसरा सिकंदर’ म्हणवून घेतले. रक्षणकर्ता मागे पडला, जगज्जेता उरला.

५/ विजापूरच्या सिकंदराचे काय झाले? १६७२ मध्ये पिता अली आदिलशाह वारला आणि हे बालक तख्तावर बसले. सत्ता खवासखान, बहलोलखान अशा सरदारांच्या हाती राहिली. १२ सप्टेंबर १६८६ रोजी विजापूर औरंगजेबाच्या स्वाधीन झाले आणि आदिलशाही संपली. तेव्हा सिकंदर अठरा वर्षांचा होता.

६/ ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असे त्याच्याविषयी म्हणणे सोपे आहे. न्याय्य मात्र नाही. ज्याचे रक्षण इतरांनी करावयाचे, त्या वयात त्याच्यावर राज्य राखण्याचा भार आला होता.

७/ आज आपण ‘सिकंदर’ ऐकताच मुसलमान आणि ‘अ‍ॅलेक्स’ ऐकताच ख्रिस्ती असे ठरवून मोकळे होतो. वास्तविक दोन्ही एकाच नावाची रूपे आहेत, आणि ते नाव या दोन्ही धर्मांहून प्राचीन आहे. केवळ नावावरून माणसाची पारख करण्यापूर्वी एवढे स्मरणात असावे.