लाल दिवा लागला की गाडी थांबवा

फोक्सवॅगनची जुनी कॅम्पर व्हॅन इन्स्टाग्रामवर दिसली नाही असा आठवडा जात नाही. पुढे गोल दिवे, वर उचलता येणारं छप्पर, मागे समुद्र. फोटोत दिसत नाहीत ते त्याआधीचे शनिवार-रविवार, गाडीखाली पाठीवर पडून काढलेले. मला या गाडीच्या इतिहासातला तोच भाग जास्त रंजक वाटतो.

सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती सगळीकडे वाचायला मिळते. युद्धानंतर वोल्फ्सबर्गचा कारखाना ब्रिटिश सैन्याच्या ताब्यात होता. तिथे सामान वाहायला कामगारांनी बीटलच्या सांगाड्यावर एक सपाट गाडा बनवला होता. डच व्यापारी बेन पॉन यांनी तो पाहिला आणि २३ एप्रिल १९४७ रोजी वहीत एक चौकोनी डबा काढला : चालक अगदी पुढे, इंजिन अगदी मागे. मार्च १९५० मध्ये व्हॅनचं उत्पादन सुरू झालं. १९५१ मध्ये वेस्टफालिया कंपनीने तिच्यात बसवायचं, हवं तेव्हा बाहेर काढता येणारं लाकडी सामान आणलं आणि गाडीचं घर झालं. इंजिन ११३१ सीसीचं, ताकद २५ हॉर्सपॉवर. आजची ३५० सीसी बुलेट २० देते, यावरून अंदाज करा.

ही गाडी दोन-तीन मालकांच्या हातून गेल्यावर, साठच्या दशकाच्या अखेरीस, स्वस्तात तरुण पोरांच्या हाती पडली. पैसे नाहीत, गॅरेज परवडत नाही, आणि जायचंय हजारो किलोमीटर. मग पहिल्या प्रवासाआधी करायचं काय?

इंजिन हवेने थंड होतं. रेडिएटर नाही, पाणी नाही, त्यामुळे वाळवंटात उकळायला किंवा थंडीत गोठायला काहीच नाही. पण हवा ढकलणारा पंखा आणि बॅटरी चार्ज करणारा डायनामो एकाच बेल्टवर फिरतात. बेल्ट तुटला की समोर चार्जिंगचा छोटा लाल दिवा लागतो. दुसऱ्या गाडीत याचा अर्थ ‘बॅटरी संपेल, पुढच्या गावात बघू’. इथे याचा अर्थ ‘इंजिनाला आता वारा नाही, आत्ता थांब’. हे ठाऊक नसलेला माणूस आणखी दहा किलोमीटर जातो आणि इंजिन जाळतो. एका दिव्याचे दोन अर्थ, आणि महत्त्वाचा अर्थ दिव्यावर लिहिलेला नाही! आमच्या धंद्यात असले एरर मेसेज रोज भेटतात.

तेलही जेमतेम अडीच लिटर, आणि फिल्टरच्या नावाखाली तारेची जाळी. म्हणजे तेल वेळेवर बदलणं हाच फिल्टर. व्हॉल्व्हची फट इंजिन पूर्ण गार असताना मोजायची, म्हणजे रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी उघडायची. १९७० पर्यंतच्या इंजिनांत तेल थंड करणारा कूलर तिसऱ्या सिलिंडरच्या हवेच्या वाटेतच बसवलेला होता. तो सिलिंडर जास्त तापायचा आणि त्याचा व्हॉल्व्ह आधी जळायचा. जाणकार त्या एका सिलिंडरकडे दोनदा बघत. त्याहून जुन्या गाड्यांत चारही चाकांच्या ब्रेकला मिळून एकच सर्किट. एक नळी फुटली की पेडल थेट जमिनीला.

हे सगळं कंपनीच्या मॅन्युअलमध्ये होतं, पण ते मॅन्युअल लिहिलं होतं प्रशिक्षित मेकॅनिकसाठी, खास अवजारं हाताशी आहेत असं धरून. १९६९ मध्ये न्यू मेक्सिकोतल्या जॉन म्यूर नावाच्या माणसाने दुसरं पुस्तक काढलं. म्यूर स्वतः इंजिनिअर, एरोस्पेसमधली नोकरी सोडून आलेला. त्याने पुस्तक लिहिलं ते ज्याला काहीच येत नाही अशा मालकासाठी, आणि ते शीर्षकातच उघड सांगितलं. पीटर अॅशवांडन यांची चित्रं इतकी बारीक की बोल्ट शोधायला वेळ लागत नाही. पुस्तक स्वतःच छापलं; पुढे २० लाखांहून जास्त प्रती गेल्या.

त्याची पद्धत बघण्यासारखी आहे. कामाला हात घालण्याआधी कृती शेवटपर्यंत वाचा. केस लांब असतील तर टोपीत कोंबा, नाहीतर ते डायनामोच्या पुलीत जातील (त्याचे वाचक कोण होते, हे यावरून कळावं). त्याने वाचकाचं अज्ञान गृहीत धरलं, पण अक्कल नाही असं कुठेही धरलं नाही. आम्ही डॉक्युमेंटेशन लिहितो तेव्हा नेमकं उलटं करतो.

त्याच सुमारास युरोपातून अशाच जुन्या व्हॅन पूर्वेकडे निघत होत्या : इस्तंबूल, तेहरान, काबूल, लाहोर, दिल्ली आणि शेवटी गोवा. त्या तयारीत पान्यांइतकीच कागदांची गरज होती. ‘कार्ने’ नावाचा जकातीचा दस्तऐवज असे. गाडी देशात आणली तर परत बाहेर नेईन, इथे विकणार नाही, याची ती हमी. हणजुण्याच्या किनाऱ्यावर पोचलेल्या प्रत्येक व्हॅनमागे कुणीतरी बदललेलं तेल, एक जादा बेल्ट आणि असा एक कागद होता. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, वर्षअखेरीस सोव्हिएत सैन्य अफगाणिस्तानात शिरलं आणि तो रस्ता बंद पडला. गाड्यांत तोवरही काही बिघडलेलं नव्हतं, निदान न दुरुस्त होण्यासारखं.

आज या व्हॅन कलेक्टरच्या वस्तू झाल्यात. ब्राझीलमध्ये त्यांचं उत्पादन २०१३ पर्यंत चाललं. मग एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले आणि त्या डब्यात ते बसेनात. नव्या गाडीत लाल दिवा लागला तर त्याचा अर्थ वाचायलाच लॅपटॉप लागतो. मला जुन्याचं गोडवे गाणं पटत नाही. एअरबॅग हवीच, एकेरी ब्रेक नकोच. पण लॅपटॉप लागतो याची अडचण नाही, तो माझ्याकडे आहे. त्यात दिसणारं मला वाचू दिलं जात नाही, ही अडचण आहे.

कुणाच्या नशिबी खरंच अशी व्हॅन आलीच, तर सगळ्यात आधी पेट्रोलचे रबरी पाइप बदला. इंजिनाचा सांगाडा मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचा आहे. पेट्रोल गळून एकदा तो पेटला की विझवणं फार कठीण, आणि या व्हॅन बऱ्याचदा अशाच जळतात. त्यात आता आपल्या पंपांवर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, जे जुन्या रबराला लवकर खातं. इथेनॉलला चालणारा मीटर-दोन मीटर पाइप आणि मूठभर क्लिपा घ्या. बेल्ट त्यानंतर.